माउंटन बाइकला रस्त्याचे टायर निवडताना

रोज कामाला जायला माउंटन बाइक वापरणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. सायकल दणकट आहे, ब्रेक चांगले लागतात, बसायलाही आरामशीर आहे, पण डांबरी रस्त्यावर पळत नाही. शेजारून साधी सायकल सहज पुढे निघून जाते आणि आपल्याला तेवढ्याच वेगासाठी घाम गाळावा लागतो. मग कोणी चेनला तेल घालतं, कोणी गिअर जुळवून घेतं, कोणी थेट नवी सायकल बघायला लागतं. यातलं काहीही करण्याआधी टायरकडे बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच असतं, आणि दोन टायर बदलले की तीच सायकल रोजच्या वापराला फार छान होते.

मात्र टायर बदलताना एक समज आडवा येतो. रस्त्याचा टायर म्हणजे बारीक टायर, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की रिमवर चढेल तेवढा बारीक टायर शोधला जातो. मला हे पटत नाही. रोजच्या सायकलीचा टायर गुळगुळीत असावा, पण तो बारीकच असायला हवा असं अजिबात नाही. बऱ्यापैकी रुंद, वरून गुळगुळीत आणि बाजूने लवचिक असा टायर बहुतेकांच्या कामाचा आहे. त्याचं कारण कळायला टायर जमिनीला टेकतो तिथे काय घडतं ते आधी पाहावं लागेल.

ताकद जाते कुठे

चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि जमीन सुटली की पुन्हा गोल होतो. हे सतत चालू असतं. चपटं होताना जी ऊर्जा खर्च होते ती पूर्ण परत मिळत नाही. रबर आणि त्याच्या आतलं कापड वाकताना तिचा काही भाग उष्णता होऊन जातो. सपाट रस्त्यावर टायर ओढायला जो जोर लागतो, त्याचा मोठा हिस्सा हाच. म्हणजे रबर जितकं जाड आणि त्याला जितकं जास्त वाकावं लागतं, तितकं नुकसान जास्त.

आता डोंगरी टायरवरच्या त्या उंच रबरी गुंड्या बघा. मातीत त्या रुततात आणि पकड देतात, त्यासाठीच त्या बनवलेल्या आहेत. डांबरात रुतायला जागा नसते. त्यामुळे प्रत्येक गुंडी जमिनीवर आली की दबते, वाकते, थोडी सरकते आणि मग मोकळी होते. गादीवरून चालताना पाय लवकर थकतात, तसंच हे. वेग घेतला की चाकांतून जी घरघर ऐकू येते, ती या गुंड्यांचीच.

फरक किती पडतो, याचा एक ढोबळ हिशेब मांडू. स्वार, सायकल आणि पाठीवरची बॅग मिळून ९० किलो धरा आणि वेग ताशी २० किलोमीटर. गुंड्यांच्या टायरला ओढायला एकूण वजनाच्या १ टक्का जोर लागतो असं धरलं, तर दोन्ही टायर मिळून सुमारे ५० वॉट खातात. चांगल्या गुळगुळीत टायरला ०.६ टक्का लागला, तर हाच आकडा ३० वॉटच्या आसपास येतो. सर्वसाधारण माणूस फार न दमता सायकल चालवतो तेव्हा १०० वॉटच्या आगेमागे ताकद लावत असतो. त्यातले २० वॉट वाचणं ही मोठी गोष्ट आहे.

तरी वेग एकदम दीडपट होईल ही अपेक्षा ठेवू नका. माउंटन बाइकवर आपण ताठ बसतो, आणि ताशी २० च्या पुढे सगळ्यात मोठा अडथळा हवेचा असतो. वरच्या हिशेबात तेवढ्याच मेहनतीत ताशी दीड-दोन किलोमीटरची भर पडते. जास्त जाणवतं ते वेगळंच: सिग्नलवरून निघताना सायकल हलकी वाटते, पॅडल थांबवलं तरी ती लांबपर्यंत वाहत जाते, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर पाय शिल्लक असतात.

पावसात गुळगुळीत टायर घसरत नाही का?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि पडायलाच हवा. मोटारीच्या टायरला खाचा नसतील तर पावसात ती पाण्यावर तरंगते आणि ताबा सुटतो, हे आपल्याला माहीत असतं. मग सायकलला खाचा का नकोत?

मोटारीचा टायर रुंद आणि सपाट असतो, त्यात हवेचा दाब साधारण ३० पीएसआय असतो आणि वेग १०० च्या घरात. त्या चपट्या पट्ट्याखालून पाणी बाहेर जायला वेळच मिळत नाही, म्हणून खाचांनी वाट करून द्यावी लागते. सायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, त्यामुळे तो पाणी आपोआप दोन्ही बाजूंना सारतो. विमानांच्या टायरवर नासाने केलेल्या अभ्यासातून एक सूत्र आलं आहे: टायरमधला दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याच्या वर्गमुळाला ९ ने गुणा, आणि टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. ५० पीएसआयला हे उत्तर सुमारे ६४ नॉट, म्हणजे ताशी ११८ किलोमीटर येतं. सूत्र विमानांचं असलं तरी अंदाज पुरेसा स्पष्ट आहे. कामावर जाताना आपण त्या वेगाच्या जवळपासही फिरकत नाही.

ओल्या डांबरावर पकड येते ती रबराच्या प्रतीमुळे आणि रस्त्याच्या स्वतःच्या खरखरीतपणामुळे. डांबरातली खडी रबरात रुतते. मग जितकं जास्त रबर रस्त्याला टेकेल तितकं बरं, आणि इथेही गुळगुळीत टायरच पुढे असतो. गुंड्यांचा टायर वळणावर उलट दगा देऊ शकतो. सायकल कलली की सगळा भार कडेच्या उंच गुंड्यांवर येतो, त्या वाकतात आणि एका क्षणी पकड अचानक सुटते.

पावसात खरी काळजी घ्यायची ती रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणं, सांडलेलं तेल, ओली पानं आणि चिखलाचा पातळ थर यांची. तिथे कुठलीच नक्षी वाचवत नाही. अशा जागा सरळ, ब्रेक न दाबता पार कराव्यात.

बाजारातल्या बहुतेक रस्त्याच्या टायरांवर बारीक खाचा असतातच. त्यांनी फायदा फारसा नाही, तोटाही नाही. खाच पाहून टायर नाकारू नका. फक्त मधला पट्टा सलग आहे ना, एवढं बघा.

रोजच्या वाटेत काही भाग कच्चा असेल तर? कोरडा, दबलेला कच्चा रस्ता रुंद गुळगुळीत टायर आरामात काढतो. सैल माती किंवा बारीक खडी असेल तर सेमी-स्लिक घ्यावा, म्हणजे मध्ये सलग पट्टा आणि कडेला छोट्या गुंड्या. सरळ जाताना मधला पट्टा टेकतो, माती आली की कडेच्या गुंड्या कामाला येतात. रोज ओल्या चिखलातून जावं लागत असेल, तर मात्र गुंड्यांचाच टायर ठेवा, फक्त जवळजवळ बसवलेल्या कमी उंचीच्या गुंड्यांचा.

रुंदी किती

एकाच दाबाचे दोन टायर घ्या, एक बारीक आणि एक रुंद. वजन तेच असल्यामुळे दोघांचा जमिनीला टेकणारा भाग जवळपास सारख्याच क्षेत्रफळाचा असतो. आकार मात्र वेगळा. बारीक टायरचा भाग लांबट असतो, रुंद टायरचा आखूड आणि पसरट. आखूड असला की टायर कमी खोलवर दबतो, बाजूच्या भिंती कमी वाकतात आणि ऊर्जा कमी जाते. म्हणजे सारख्या दाबाला रुंद टायरच हलका चालतो. प्रत्यक्षात रुंद टायरमध्ये आपण हवा थोडी कमी ठेवतो, त्यामुळे हा फायदा बराचसा निघून जातो. बदल्यात आराम मिळतो, आणि चालण्यात फारसं काही गमवावं लागत नाही.

शिवाय खरा रस्ता प्रयोगशाळेतल्या रुळासारखा नसतो. कडक, बारीक टायर प्रत्येक खडीवरून, भेगेवरून उसळतो आणि आपल्यासकट सायकल वर उचलतो. ती ऊर्जा आपल्याच पॅडलमधून आलेली असते आणि ती हातांत, खांद्यांत, पाठीत जिरते. रुंद टायर तीच खडी स्वतःत सामावून घेतो. रस्त्यावरच्या शर्यतींमध्येही एकेकाळी सर्रास दिसणारे २३ मिलिमीटरचे टायर मागे पडून आता २८ आणि त्याहून रुंद टायर आले, ते याच कारणाने. शर्यतवाले जिथे रुंदीकडे वळले, तिथे खड्ड्यांतून ऑफिस गाठणाऱ्याने बारीक टायरचा हट्ट का धरावा?

बहुतेकांना मी १.७५ इंच, म्हणजे ४७ मिलिमीटरच्या आसपासचा टायर सुचवेन. रस्ते चांगले आणि स्वार हलका असेल तर १.५ इंचही उत्तम. वजन जास्त असेल, कॅरिअरवर सामान किंवा मागे मुलाची सीट असेल, रस्ते फुटलेले असतील, तर बिनधास्त २ इंचांचा घ्या. माझ्या मते पुढच्या फोर्कला सस्पेन्शन नसलेल्या सायकलीला तर तोच शोभतो. १.२५ इंच फक्त अरुंद रिम आणि खरोखर गुळगुळीत रस्ता या दोन्ही गोष्टी असतील तरच. त्याला थोडी हवा कमी पडली तरी खड्ड्याची कड थेट रिमपर्यंत पोहोचते.

टायर बारीक केला की चाकाचा घेरही घटतो, हे लक्षात राहू द्या. २६ इंची चाकावर २.१ वरून १.५ वर आलं की घेर साधारण ३ टक्क्यांनी कमी होतो. गिअर तेवढेच हलके होतात, स्पीडोमीटर जास्त वेग दाखवायला लागतो (त्यात नवा घेर भरावा लागतो) आणि पॅडल जमिनीच्या जवळजवळ सेंटीमीटरभर जवळ येतं. वळणावर आतल्या बाजूचं पॅडल वर ठेवायची सवय नसेल तर ती लावून घ्या.

मापाचा घोळ

टायर चुकीचा येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे इंचांतलं माप. '२६ इंच' असं लिहिलेले टायर एकमेकांच्या रिमवर बसतीलच असं नाही. २६ x १.५ (दशांशात लिहिलेला) माउंटन बाइकचा असतो, तर २६ x १ १/२ (अपूर्णांकात लिहिलेला) वेगळ्याच, मोठ्या रिमचा. गणितात दोन्ही एकच, टायरच्या जगात दोन्ही वेगळे. २६ x १ ३/८ हा आणखी तिसरा.

यातून सुटायला टायरच्या बाजूवर दोन आकड्यांचं दुसरं माप शोधा, उदाहरणार्थ ४७-५५९. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर जिथे टायरची कड बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, त्यात एका मिलिमीटरचीही सूट नाही. पहिल्यात मोकळीक असते. २६ इंची माउंटन बाइकचा आकडा ५५९, साडेसत्तावीस इंचीचा ५८४ आणि २९ इंचीचा ६२२. हा ६२२ म्हणजेच रस्त्याच्या सायकलींचा ७००सी. त्यामुळे २९ इंची सायकल असणाऱ्यांना निवडीला भरपूर वाव आहे, हायब्रिड आणि टूरिंगचे टायर त्यांना सरळ बसतात. २६ इंचींना पर्याय कमी झाले असले तरी रोजच्या वापराचे चांगले टायर अजून निघतात.

पुढचा मुद्दा रिमच्या रुंदीचा, आणि नव्या सायकलींच्या बाबतीत तो दुर्लक्षून चालत नाही. जुन्या माउंटन बाइकच्या रिमची आतली रुंदी साधारण १७ ते २१ मिलिमीटर असे, त्यावर १.५ किंवा १.७५ छान बसतो. अलीकडच्या बऱ्याच सायकलींना २५ ते ३० मिलिमीटरच्या रिम असतात. ३० च्या रिमवर ३५ चा टायर ओढून ताणून बसवला तर त्याच्या भिंती पसरतात, रिमच्या कडा उघड्या पडतात आणि खड्ड्यात पहिला मार त्यांना बसतो. अशा रिमला ५० मिलिमीटर किंवा अधिक रुंदीचा टायरच ठेवा. २५ च्या रिमला ४० च्या खाली जाऊ नका. रिमवर आतली रुंदी बहुधा छापलेली असते, नसेल तर टायर काढल्यावर पट्टीने मोजता येते.

ट्यूबही तपासा. २.१ इंची टायरमधली जुनी ट्यूब १.५ च्या टायरमध्ये कोंबली की तिच्या घड्या पडतात आणि घडीवर ती फाटते. ट्यूबच्या खोक्यावर ती कुठल्या रुंदीपर्यंत चालते ते लिहिलेलं असतं. वॉल्व्ह जुना होता तसाच घ्या. मोटारीसारखा जाड श्रेडर वॉल्व्ह बारीक प्रेस्टा वॉल्व्हसाठी पाडलेल्या रिमच्या भोकात जात नाही. आणि टायर उतरवलाच आहे तर रिमच्या आतली टेप बघा. रस्त्याच्या टायरमध्ये दाब जास्त असतो, आणि सरकलेल्या टेपमुळे स्पोकच्या भोकाशी ट्यूब फुटते. असं पंक्चर ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या अंगाला सापडतं.

पंक्चर आणि वजन

रोज वेळेवर पोहोचायचं असेल तर पंक्चर हा वेगापेक्षा मोठा प्रश्न. रोजच्या वापराच्या टायरांत वरच्या रबराखाली संरक्षणाचा एक थर घातलेला असतो. काहींत तो घट्ट विणलेल्या कापडाचा असतो, काहींत लवचिक रबराचा. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन टायरमध्ये हा रबरी थर ३ मिलिमीटरचा आहे आणि मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटरचा. पाच मिलिमीटर रबर म्हणजे फळ्यावर कागद लावायची ड्रॉइंग पिन पूर्ण घुसली तरी ट्यूबपर्यंत पोहोचणं अवघड. किंमत मोजावी लागते ती वजनात आणि चालण्यात: ४७ मिलिमीटरचा असा एक टायर किलोच्या आसपास भरतो आणि तुलनेनं जड चालतो.

काटे-काचा रोजच्याच असतील, किंवा पंक्चर काढण्याचा मनापासून कंटाळा असेल, तर हे वजन खुशाल घ्यावं. रस्ता स्वच्छ असेल तर मध्यम थराचा टायर घ्या, सायकल जास्त जिवंत वाटते. दोन्ही टोकं टाळून मधला मार्गही आहे. पंक्चर मागच्या चाकाला जास्त होतात, कारण भार तिथे जास्त असतो आणि पुढच्या चाकाने उडवून उभी केलेली खिळ्या-काचांची टोकं मागच्याला लागतात. तेव्हा मागे जाड थराचा आणि पुढे हलका, असे दोन वेगळे टायर लावायला काहीच हरकत नाही.

कडेत तारेऐवजी मऊ धागे असलेला, घडी होणारा टायर तारेच्या टायरपेक्षा हलका आणि महाग असतो. रोजच्या वापराला तारेचा पुरतो. बाजूला परावर्तक पट्टी असलेला मिळत असेल तर तोच घ्या. अंधारात चौकात बाजूने येणाऱ्या गाडीला दोन फिरती वर्तुळं दिसतात आणि सायकल आहे हे चटकन कळतं.

हवा

उत्तम टायर घेऊन त्यात अंदाजाने हवा भरली तर सगळी निवड वाया जाते. अंगठ्याने दाबून कळत नाही, कारण जाड भिंतीचा टायर हवा कमी असतानाही कडक लागतो. दाब दाखवणारा पंप घ्या. टायरवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादा असतो, तेवढी हवा भरायची असं त्यात सांगितलेलं नाही. रिमवरही मर्यादा लिहिलेली असेल तर दोन्हींतला छोटा आकडा पाळा.

सुरुवात म्हणून ७५ किलोच्या स्वाराने १.५ इंची टायरमध्ये मागे ५५, १.७५ मध्ये ४५ ते ५० आणि २ इंचीमध्ये ३५ ते ४० पीएसआय ठेवून बघावं. पुढे ५ ते ८ ने कमी, कारण साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर असतो. मग आठवडाभर चालवून पाच-पाचने कमी करत जा. वळणावर सायकल लुळी वाटायला लागली किंवा खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला, की पाचने परत वाढवा. तुमच्या वजनाला आणि तुमच्या रस्त्याला लागणारा आकडा हाच. वजन जास्त असेल तर वरच्या आकड्यांहून जास्तीपासून सुरू करा.

ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडलेल्या दिसल्या, तर तो काटा नव्हे. हवा कमी होती आणि ट्यूब रिम व खड्ड्याच्या कडेत चिमटली गेली. ट्यूबमधून हवा नुसती उभी राहूनही झिरपत असते, म्हणून बारीक टायरला दर आठवड्याला आणि रुंद टायरला पंधरवड्यातून एकदा पंप लावा. कमी हवेवर चालवत राहिलं तर भिंतींना भेगा पडतात, आणि वरची नक्षी शाबूत असली तरी असा टायर निकामीच.

बसवताना बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते पाहा. थोडी हवा भरून चाक फिरवा आणि रिमला लागून टायरवर जी बारीक रेघ असते ती दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का, ते तपासा. कुठे खाली बुडालेली असेल तर हवा काढून तिथे हाताने टायर ओढा आणि मगच पूर्ण हवा भरा.

मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच लवकर झिजतो. दोन्ही चाकांना एकसारखे टायर असतील, तर मागचा झिजल्यावर नवा टायर मागे लावण्यापेक्षा पुढचा मागे घ्या आणि नवा पुढे लावा. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं घसरलं तर माणूस खाली येतो, म्हणून चांगला टायर नेहमी पुढे. मधल्या रबरातून आतलं कापड किंवा रंगीत संरक्षक थर दिसायला लागला, की त्या दिवशी टायर बदला.